मरुभूमीतील मंदिराची रचना
(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी व्यासपीठावरून एका हिंदू मंदिराच्या बांधणीविषयी, आणि तेही समुद्रापलीकडच्या अरब भूमीतील मंदिराविषयी बोलले जावे, याचे काहींना नवल वाटेल. विषय दूरचा आहे खरा. परंतु ज्या संस्थेला पन्नास वर्षे पूर्ण होतात, तिच्यासमोर जीर्णोद्धाराचा प्रश्न आज ना उद्या उभा राहतोच. गाभारा जुनाच ठेवावा की नवा बांधावा, दगड कोणता घ्यावा, सळई घालावी की नाही, अंगणात फरशी कसली बसवावी, अशा शंका विश्वस्तांच्या प्रत्येक सभेत निघतात आणि पुष्कळदा त्यांचा निकाल सर्वांत कमी दराच्या निविदेवर लागतो. अबुधाबीच्या वाळवंटात हेच प्रश्न फार कठोर रूपात उभे राहिले. तेथे चुकीला क्षमा नव्हती. म्हणून त्या मंदिराची रचना कशी झाली हे समजून घेणे प्रत्येक विश्वस्ताच्या उपयोगाचे आहे.

संयुक्त अरब अमिरातीत अबुधाबी ते दुबई महामार्गालगत अबू मुरेखा नावाचे ठिकाण आहे. तेथे बोचासणवासी अक्षरपुरुषोत्तम स्वामिनारायण संस्थेने, म्हणजे बी.ए.पी.एस. या नावाने परिचित असलेल्या संस्थेने, हे मंदिर उभारले. प्रमुखस्वामी महाराजांनी १९९७ मध्ये शारजाच्या वाळवंटात असताना अबुधाबीत मंदिर व्हावे अशी इच्छा व्यक्त केली होती. २०१५ मध्ये अबुधाबीचे तत्कालीन युवराज व आजचे राष्ट्राध्यक्ष शेख मोहम्मद बिन झायेद यांनी मंदिरासाठी भूमी देण्याचे जाहीर केले. प्रथम साडेतेरा एकर आणि २०१९ मध्ये आणखी साडेतेरा, अशी सत्तावीस एकर जागा मिळाली. २० एप्रिल २०१९ रोजी महंतस्वामी महाराजांच्या उपस्थितीत शिलान्यास झाला आणि १४ फेब्रुवारी २०२४ रोजी, वसंत पंचमीच्या मुहूर्तावर, पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या उपस्थितीत उद्घाटन झाले. १ मार्च २०२४ पासून ते सर्वांसाठी खुले झाले.

आराखडा ठरण्याच्या वेळची हकीकत मोठी बोधप्रद आहे. २०१८ मध्ये संस्थेच्या प्रतिनिधींनी युवराजांसमोर दोन आराखडे ठेवले. एक साध्या आधुनिक इमारतीचा होता. बाहेरून पाहणाऱ्याला ते मंदिर आहे असे वाटलेही नसते. दुसरा शिखर, स्तंभ आणि कोरीव काम असलेल्या पारंपरिक पाषाणमंदिराचा होता. परक्या देशात पाहुणा म्हणून राहणाऱ्याने पहिलाच पुढे करावा, हे व्यवहाराला धरून झाले असते. दुबईत १९५८ पासून खाडीजवळच्या जुन्या बाजारात हिंदूंचे देवस्थान होते, ते असेच गल्लीबोळांत, दुकानांच्या सोबतीने, आवाज न करता नांदले. मात्र यजमानांनीच दुसरा आराखडा पसंत केला. मंदिर बांधायचे तर ते मंदिरासारखे दिसावे, असा त्यांचा अभिप्राय सांगितला जातो. परवानगी मागणाऱ्याने संकोच करावा आणि देणाऱ्याने तो दूर करावा, असे प्रसंग इतिहासात थोडे.

परंतु यजमानांच्या या औदार्याने स्थपतींचे काम कितीतरी पटींनी अवघड केले. साधी इमारत काँक्रीटची झाली असती, वातानुकूलित झाली असती आणि पंचवीस-तीस वर्षांनी डागडुजी मागत राहिली असती. पारंपरिक मंदिर म्हटले की लोखंड वर्ज्य, दगडावर दगड, आणि आयुष्याची अपेक्षा हजार वर्षांची. ते उभे कोठे करायचे? जेथे उन्हाळ्यात पारा पन्नास अंशांच्या आसपास जातो, वर्षाचा पाऊस शंभर मिलिमीटरही नसतो, समुद्राची खारट दमट हवा सतत वाहते आणि जमिनीत मीठ आहे, अशा ठिकाणी. मंदिराची उंची १०८ फूट, लांबी २६२ फूट, रुंदी १८० फूट. स्तंभ चारशेहून अधिक.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ज्या शैलीत हे मंदिर बांधले गेले, ती वाळवंटाला परकी नव्हतीच. तिचे नावच मुळी मरु-गुर्जर. मरु म्हणजे मारवाड, गुर्जर म्हणजे गुजरात. थोर संशोधक मधुसूदन ढाकी यांनी हे नाव रूढ केले. दहाव्या-अकराव्या शतकांत या दोन प्रदेशांच्या शिल्पपरंपरा एकमेकींत मिसळल्या व ही शैली आकाराला आली. तिच्या आधीची पायरी पाहायची असेल तर जोधपूरजवळच्या ओसियाँला जावे. थरच्या वाळूच्या काठावर आठव्या शतकातील महावीरस्वामींचे मंदिर तेथे आजही पूजेत आहे. ओसवाल हे नाव ज्या गावावरून आले, ते हेच गाव. पश्चिम भारतात टिकून राहिलेल्या जैन मंदिरांत याहून जुने नाही, असे मानले जाते. बाराशे वर्षांचे ऊन, वारा आणि वाळू या दगडांनी सोसली आहे.

पुढे तेराव्या शतकाच्या अखेरीनंतर राजाश्रय आटला, तेव्हा ही विद्या जिवंत ठेवण्याचा मोठा वाटा जैन श्रेष्ठींनी उचलला. आबूच्या देलवाड्यात विमलशहाचे मंदिर अकराव्या शतकातले आणि वस्तुपाल-तेजपालांचे १२३० चे, ही राजवैभवाच्या काळातील कामे होत. परंतु पंधराव्या शतकात धरणाशहाने राणकपूरचे चौमुख मंदिर उभारायला घेतले आणि जैसलमेरच्या किल्ल्यात व्यापाऱ्यांनी एकामागून एक जिनालये बांधली, ती काळ अनुकूल नसताना. व्यापाऱ्याने काम दिले म्हणून शिल्पकाराचा मुलगा शिल्पकार राहिला. सोमपुरा घराण्यांतून ती विद्या विसाव्या शतकापर्यंत आली, प्रभाशंकर सोमपुरा यांनी स्वतंत्र भारतात सोमनाथचे मंदिर तिच्याच आधारे रचले, आणि तेथून ती स्वामिनारायण संस्थेच्या हातून १९९५ मध्ये लंडनला व २०२४ मध्ये अबुधाबीला पोहोचली. अबुधाबीचे मंदिर पाहताना जैन मनाला जी ओळख पटते, तिचे कारण हे आहे.

आता दगडाकडे वळू या. जैन समाजात मंदिर म्हटले की डोळ्यांपुढे संगमरवर येतो. अबुधाबीत बाहेरचे सारे काम राजस्थानच्या गुलाबी वालुकाश्मात आहे आणि पांढरा इटालियन संगमरवर आत आहे. ही निवड केवळ शोभेची नाही. संगमरवर हा कॅल्साइट नावाच्या स्फटिकांचा बनलेला असतो. उष्णतेने हा स्फटिक एका दिशेला प्रसरण पावतो आणि दुसऱ्या दिशेला किंचित आक्रसतो. रोज तापणे आणि रोज निवणे असे वर्षानुवर्षे चालले की कणाकणांतील पकड सैल होते, पृष्ठभाग साखरेसारखा भुरभुरू लागतो आणि पातळ पाटी असेल तर ती चक्क वाकते. अमेरिकेत शिकागो शहरी ऐंशीहून अधिक मजल्यांच्या एका प्रसिद्ध इमारतीला इटलीचा पातळ संगमरवर लावला होता. वीस वर्षांच्या आत पाट्या वाकल्या आणि १९९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत सगळ्या, त्रेचाळीस हजारांच्या घरातल्या, उतरवून त्या जागी ग्रॅनाइट बसवावा लागला. वालुकाश्माचे कण मुख्यतः गारगोटीचे. चांगल्या जातीचा, घट्ट कणांचा वालुकाश्म उन्हाला अधिक धीराने तोंड देतो. लंडनच्या मंदिराला मात्र ऊन नव्हे तर पाऊस, धुके आणि थंडी सोसायची होती. म्हणून तेथे बाहेरून बल्गेरियाचा चुनखडक वापरला गेला आणि संगमरवर आतच राहिला. शैली एकच, परंतु पाषाण हवामान पाहून निवडलेला.

देलवाड्याला जाऊन आलेल्यांना आठवत असेल की ती मंदिरे बाहेरून अगदी साधी आहेत. सारे कोरीव वैभव आत, सावलीत, भिंतींच्या कोटात आहे. संगमरवराला कोठे ठेवावे हे त्या स्थपतींना नऊशे-हजार वर्षांपूर्वी ठाऊक होते. याउलट महाराष्ट्रात कितीतरी जुन्या काळ्या पाषाणाच्या मंदिरांच्या बाहेरच्या भिंतींवर अलीकडे पाऊण इंची संगमरवरी फरशी चिकटवलेली दिसते. दात्याचे नाव कोरायला ती सोयीची पडते, हे मान्य. पण काळा पाषाण आणि त्यावरची फरशी यांच्यामध्ये ओल अडकते, सिमेंटचा क्षार बाहेर पडतो आणि जो पाषाण पाचशे वर्षे निरोगी होता त्याला रोग जडतो. जीर्णोद्धाराच्या नावाखाली हे होते, याचा खेद वाटल्यावाचून राहत नाही.

दुसरा निर्णय लोखंडाचा. अबुधाबीच्या मुख्य मंदिराच्या रचनेत लोखंड वा पोलाद नाही. शिल्पशास्त्राची मर्यादा म्हणून ते श्रद्धेने पाळले गेले. परंतु त्यामागे रोकडा हिशेबही आहे. लोखंड गंजले की गंजाचे आकारमान मूळ धातूच्या कित्येक पट होते. दगडाच्या पोटात असे फुगणारे लोखंड असेल तर दगड आतून फुटतो. अथेन्सच्या पार्थेनॉन या प्राचीन देवालयाची हकीकत या बाबतीत पुरेशी बोलकी आहे. मूळ ग्रीक कारागिरांनी दगड जोडणाऱ्या लोखंडी पट्ट्यांभोवती शिसे ओतून त्यांना हवा-पाण्यापासून जपले होते, म्हणून त्या दोन हजार वर्षे टिकल्या. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील दुरुस्तीत शिशाशिवाय उघड्या लोखंडी पट्ट्या घातल्या गेल्या आणि काही दशकांतच संगमरवर तडकू लागला. मग त्या काढून टायटॅनियम या न गंजणाऱ्या धातूच्या बसवण्याचे काम सुरू झाले, ते अनेक दशके चालले. दुरुस्ती करणाऱ्यांचा हेतू शुद्धच होता. अरबी आखाताच्या खाऱ्या हवेत तर गंजाला वेगळे निमंत्रणच नको.

लोखंड नाही, तर मग एवढी उंची तोलून कोण धरते? भार धरतो. स्तंभ, त्यावर शीर्ष, शीर्षावर तुळई, आणि तुळयांच्या चौकटीवर घुमटाची वर्तुळे, असा क्रम असतो. प्रत्येक वरचे वर्तुळ खालच्यापेक्षा किंचित आत सरकवलेले असते आणि वरच्या दगडाचे वजन खालच्याला जागच्या जागी दाबून धरते. दगडांना खाचा आणि कुसे काढून ते एकमेकांत गुंतवलेले असतात. सुताराच्या कामातील जोडासारखाच हा प्रकार.

या सांध्यांचा आणखी एक गुण वाळवंटात विशेष कामी येतो. थोडे गणित करून पाहावे. वालुकाश्म दर अंश तापमानाला एका मीटरमागे मिलिमीटरचा सुमारे शंभरावा भाग वाढतो. मंदिराची लांबी २६२ फूट, म्हणजे ऐंशी मीटर. हिवाळ्यातली पहाट आणि उन्हाळ्यातली दुपार यांत दगडाच्या पृष्ठभागाच्या तापमानात चाळीस अंशांचा फरक धरला, तर गुणाकार तीन सेंटिमीटरांच्या वर जातो. सबंध मंदिर एकसंध असते, तर ही वाढ कोठेतरी फट पाडूनच मोकळी झाली असती. सुट्या दगडांच्या हजारो सांध्यांत तीच वाढ केसाएवढी होऊन वाटली जाते. एकाच धाग्याने विणलेले कापड ताणले की फाटते आणि नीट जोडलेले तुकडे ताण वाटून घेतात, तसेच हे.

पायाचा विचार याहूनही सूक्ष्म होता. तळात सिमेंटच्या काँक्रीटचा मोठा थर घालताना निम्म्याहून अधिक सिमेंटच्या जागी फ्लाय अ‍ॅश, म्हणजे औष्णिक वीजकेंद्रातील कोळशाची बारीक राख, वापरली गेली. सिमेंट आळताना स्वतः उष्णता सोडते. प्रचंड थरात ती उष्णता आत कोंडली की आतला भाग तापलेला आणि बाहेरचा निवलेला राहून तडे जातात. राखेमुळे ही उष्णता कमी होते. शिवाय काँक्रीट हळूहळू अधिक घट्ट होत जाते आणि जमिनीतील क्षार आत झिरपण्याची वाट अरुंद होते. आखाती भूमीत हा दुसरा लाभ पहिल्याहून मोठा. पायापासून वरपर्यंत निरनिराळ्या पातळ्यांवर तीनशेहून अधिक संवेदक बसवले आहेत. ते तापमान, दाब आणि भूमीची हालचाल नोंदवत राहतात. मंदिराच्या प्रकृतीची अशी नित्य नाडीपरीक्षा पूर्वीच्या कोणाही स्थपतीला शक्य नव्हती. या नोंदी प्रामाणिकपणे जपल्या गेल्या, तर पुढच्या शतकातील मंदिर बांधणाऱ्यांना त्या कोणत्याही शिल्पग्रंथाइतक्या मोलाच्या ठरतील.

वाळवंटात पाण्याचा अभाव हाच धोका, असे सामान्यतः समजले जाते. जैसलमेर वेगळेच सांगते. ११५६ मध्ये वसलेला तो किल्ला आणि त्यातील जिनालये पाण्याच्या काटकसरीवर उभी होती. घरात घागरीने पाणी यायचे आणि थेंबाथेंबाचा हिशेब असायचा. विसाव्या शतकात किल्ल्यात नळ आले, मोऱ्या आल्या, पुढे पर्यटकांसाठी निवासगृहे आली. जुन्या गळक्या वाहिन्यांतून पाणी टेकडीच्या मातीत मुरू लागले, माती फुगली, सरकली आणि शतकानुशतके उभे असलेले काही बुरूज ढासळले. तहान सोसण्यासाठी बांधलेली वास्तू पाण्याने जायबंदी झाली. अमिरातीलाही १६ एप्रिल २०२४ रोजी, मंदिर खुले झाल्यानंतर अवघ्या दीड महिन्यात, असाच अनुभव आला. अल ऐन परिसरात एका ठिकाणी चोवीस तासांच्या आत २५४ मिलिमीटर पाऊस कोसळला. तेथील पंचाहत्तर वर्षांच्या नोंदींत असा पाऊस नव्हता. वाळवंटात बांधणाऱ्याने पावसाचा हिशेब सोडून चालत नाही.

या पार्श्वभूमीवर अबुधाबीच्या मंदिराच्या दोन्ही बाजूंना वाहणारे गंगा-यमुनेचे प्रवाह आणि काशीच्या धर्तीवर रचलेला घाट पाहिला की मनात संमिश्र भाव उमटतात. सरस्वती गुप्त, म्हणून ती प्रकाशाच्या रेषेने दाखवली आहे. ही कल्पना सुंदर आहे. भक्ताला पाण्याच्या काठी बसल्याचे जे समाधान मिळते, त्याचे मोल वेगळे. तरीही अपरिग्रहाची दीक्षा घेतलेल्या परंपरेच्या दृष्टीने पाहिले, तर समुद्राचे पाणी गोडे करून वापरणाऱ्या, आणि पाणी वाफेने झपाट्याने उडून जाणाऱ्या देशात हा प्रवाह किती मोठा असावा, हा प्रश्न विचारणे गैर ठरू नये. मारवाडात घरोघरी पावसाचे पाणी साठवण्याचे टांके असत आणि पाणी गाळून, मोजून वापरले जाई. वाळवंटाचा खरा घाट कदाचित तोच होता.

आता सर्वांत मानवी प्रश्न. मंदिरात जाणारा अनवाणी जातो. भर उन्हाळ्यात उघड्या अंगणातील दगड हवेपेक्षा कितीतरी अधिक, साठ अंशांच्याही वर तापतो. त्यावर तळवा क्षणभरही ठरत नाही. भव्य शिखराखाली भाविक उड्या मारत पळू लागले, तर त्या भव्यतेचा अर्थ काय राहिला? अबुधाबीत मंदिराभोवतीच्या मोकळ्या जागेत कमी तापणाऱ्या विशेष फरशा, ज्यांना नॅनो टाइल्स म्हणतात, त्या बसवल्या आहेत. हेतू हाच की उन्हाळ्यातही अनवाणी चालता यावे. वर्तमानपत्रांनी शिखरांची आणि घुमटांची छायाचित्रे मोठी छापली आणि फरशीचा उल्लेख ओळीभरात उरकला. वस्तुतः सबंध रचनेत करुणेचे असे दुसरे स्थळ नाही.

हे ऐकताना आपणांपैकी अनेकांना स्वतःच्या गावातील मंदिराचे अंगण आठवले असेल. वैशाखात साधु-साध्वीजींचा विहार डांबरी रस्त्यावरून अनवाणी चालतो, त्यांच्या तळव्यांचे फोड पाहून श्रावकांचे डोळे पाणावतात. आणि त्याच श्रावकांच्या संस्थेने मंदिराच्या अंगणात चकचकीत काळा ग्रॅनाइट बसवलेला असतो, कारण तो दिसतो छान आणि धुवायला सोपा. मग एप्रिलपासून जूनपर्यंत त्यावर काथ्याच्या पट्ट्या अंथरायच्या आणि पहाटे-संध्याकाळी पाणी मारायचे. वृद्ध आजीबाई प्रदक्षिणा सोडून देतात, पण तक्रार करत नाहीत, आणि तक्रार नाही म्हणून विश्वस्तांना काही कळत नाही. जुन्या अंगणातली खडबडीत, फिक्या रंगाची शहाबादी फरशी आणि कडेचे झाड यांनी हा प्रश्न पैशाविना सोडवलेला होता.

मरु-गुर्जर शैलीच्या कोरीव कामाकडेही याच नजरेने पाहता येते. मंडोवर, म्हणजे मंदिराची बाहेरची भिंत, या शैलीत कधी सपाट नसते. कोने पुढे आलेले, मध्ये खोल खाचा, वर थरांवर थर. दुपारच्या उन्हात भिंतीचा निम्माअधिक भाग स्वतःच्याच सावलीत राहतो. जैसलमेरच्या हवेल्यांचे झरोके आणि दगडी जाळ्या हेच काम करतात. अर्थात या खोलाव्यात वाळू साठते, ती वारंवार झाडावी लागते आणि झाडणारे हात कायमचे पोसावे लागतात. मंदिर बांधण्याचा खर्च एकदाचा, जपण्याचा रोजचा. देणगीदार पहिल्यासाठी मिळतात, दुसऱ्यासाठी मिळणे कठीण.

शिखरे सात आहेत, अमिरातीतील सात अमिरातींचे प्रतीक म्हणून. कोरीव कामात रामायण, महाभारत आहे. त्याचबरोबर उंट, ससाणा असे त्या भूमीचे प्राणी-पक्षीही आहेत. काही जाणकारांना हे शास्त्रात न बसणारे वाटले. पण मंदिराच्या पीठावर गजथर आणि अश्वथर कोरण्याची रीत ज्यांनी घातली, त्यांनीही भोवतालचेच प्राणी कोरले होते. आबूच्या शिल्पकाराला ससाणा कोरायला सांगितले असते, तर त्याने तो आनंदाने कोरला असता.

या प्रकल्पातील माणसांविषयी संस्थेचे साधू ब्रह्मविहारीदास यांनी जे सांगितले, ते पुष्कळांच्या वाचनात आले असेल. भूमी मुस्लिम राजाने दिली, मुख्य वास्तुविशारद कॅथलिक ख्रिस्ती, प्रकल्प व्यवस्थापक शीख, पायाची आखणी करणारे बौद्ध, बांधकाम करणारी कंपनी मुंबईच्या पारशी घराण्याची, म्हणजे शापूरजी पालनजी, आणि संचालक जैन परंपरेतले. ही यादी ऐकून समाजात अभिमानाची लहर उठणे स्वाभाविक आहे. तरी त्या यादीत एक नाव राहून गेले, असे वाटते. राजस्थान आणि गुजरातमधील कार्यशाळांत सुमारे दोन हजार कारागीर हे दगड घडवत होते. अवजारे बदलली, पुष्कळसे कापण्याचे काम यंत्रे करतात. परंतु पाकळीची शेवटची कड आजही छिन्नीनेच येते. दगडाची बारीक धूळ श्वासावाटे छातीत जाऊन सिलिकोसिस हा असाध्य रोग जडतो, हे राजस्थानातील खाणींच्या व घडणावळीच्या गावांतील कटू सत्य आहे. मंदिरासाठी दगड घेताना कोणत्याही धर्माच्या संस्थेने दर विचारण्याआधी तेथे धूळ दाबणारे पाणी आणि तोंडावर योग्य मुखवटा आहे का, हे विचारले पाहिजे. जीवदयेच्या नावाने दरसाल देणग्या देणाऱ्या समाजाने तर अगोदर विचारले पाहिजे.

घडवलेले दगड मग समुद्रमार्गे गेले. सुमारे सातशे कंटेनर आणि वीस हजार टनांहून अधिक भार, असे आकडे प्रसिद्ध झाले आहेत. तुकड्यांची संख्या पंचवीस हजारांच्या पुढे. मध्येच कोरोनाचा काळ आला. तरी काम चालू राहिले. अशा कामात प्रत्येक दगडाला क्रमांक असतो, कारण हजारो मैलांवर वाळूत उभ्या असलेल्या कारागिराला तो कोणाच्या शेजारी, कोणाच्या खाली बसायचा हे त्यावरूनच कळते. दगड ज्या लाकडी खोक्यांतून आले, त्यांच्या फळ्या मंदिर परिसरातील बाके-टेबलांसाठी वापरल्या गेल्या. दगडावरचा क्रमांक मात्र सांधा बसला की कायमचा आत झाकला जातो, आणि ज्याने तो घातला त्याच्याखेरीज कोणालाही आठवत नाही.